शेवभाजीवरची वाफ

गरम भाजीतून वाफ निघते, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. नांदेडच्या फ्लेक्स मशीनला ती कळत नव्हती, आणि त्या मशीनच्या अकलेवर माझं लग्नानंतरचं आयुष्य टांगलेलं होतं.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या आसपासची. मी तेव्हा हिंगोलीत एका डीटीपीच्या दुकानात डिझाइनचं काम करायचे. आमचं गाव डोंगरकडा. घरी केळी, हळद, दोन म्हशी आणि बिनलग्नाची मी. सकाळच्या बसने हिंगोली गाठायची, दिवसभर माउस घासायचा, संध्याकाळच्या बसने परत. गावातल्या बायका आईला विचारायच्या, "पोरगी काय करती व तिथं?" आई म्हणायची, "कंपूटरवर बसती." त्या म्हणायच्या, "नुसती बसती?" आई मग म्हशींकडे निघून जायची. बाबा तर माझ्या कामाबद्दल कधी बोलतच नसत. बस चुकली का आणि जेवलीस का, एवढे दोनच प्रश्न त्यांना माहीत होते.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे बोर्ड पेंटर रंगवायचे, आणि अक्षराला सावली मारली नाही तर गिऱ्हाईक बोर्ड उचलायचं नाही. फ्लेक्स आला, पेंटर गेले, पण ती सावलीची खोड काही गेली नाही. उलट कॉम्प्युटरवर सावली फुकट मिळते म्हटल्यावर लोक सुटलेच. खताच्या दुकानाचा बोर्ड असो की बारशाचा, वर निळं, खाली केशरी, मध्ये पिवळं पाहिजे. अक्षराला सावली, सावलीला उजेड. ज्याचा वाढदिवस त्याच्या डोक्यामागे सूर्य. एकाने तर स्वतःच्या बैलाच्या डोक्यामागेही सूर्य मागितला होता, आणि तो मी दिला, कारण बैल मालकापेक्षा देखणा होता. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं करायला आवडायचं. एक रंग दुसऱ्यात असा विरघळवायचा की सांधा कुठे ते कळू नये, यात माझा हात कुणी धरत नव्हतं. काच, पाणी, धूर, असल्या आरपार दिसणाऱ्या वस्तू तर मी हौसेने काढायचे.

स्थळ आलं ते कनेरगाव नाक्याचं. वाशीम रोडवर त्यांचा ढाबा. मुलगा गल्ल्यावर बसायचा. दिसायला बरा, आणि बोलायला त्याहून बरा, कारण तो बोलायचाच नाही. घरातलं सगळं बोलणं त्याच्या वडिलांच्या वाट्याला आलेलं. ते आमच्या ओसरीवर ऐसपैस बसले आणि मला म्हणाले, "पोरगी काम करून राहिली म्हणतात. काहून करतं वं काम?"

या प्रश्नाला मुलीने खाली बघून हसायचं असतं. आईने तशी तयारीही करून घेतली होती. मी म्हणाले, "मला येतं म्हणून करते. लग्नानंतरही दुकानात जाणार."

आईने पदराआडून मला असा चिमटा काढला की तो वळ आठवडाभर राहिला. पण ढाबेवाले चिडले नाहीत. त्यांना गंमत वाटली. मांडीवर थाप मारून म्हणाले, "असं करू. आमचा बोर्ड फाटून राहिला. दसऱ्याले नवा लावायचा हाय. तू करून दाखव. पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं, तर लग्नानंतर खुशाल जाय दुकानात, आमची ना न्हाई. न्हाई सुटलं, तर घरी भाकरी थाप."

सगळे हसले. बाबाही हसले. मला त्यांचा राग आला, कारण माझी सकाळची बस, माझं दुकान, माझा कॉम्प्युटर हे सगळं एका बोर्डाच्या पैजेवर लागलं होतं, आणि पैज लावणाऱ्यांत मला कुणी धरलंच नव्हतं. पण माझा स्वतःच्या हातावर भरवसा होता. म्हटलं, पाणी काय, लाळ गाळायला लावते.

ढाब्याची शेवभाजी नावाजलेली. मी एक मोठं ताट काढलं, त्यात लालभडक तर्री, वर शेव, कडेला कांदा आणि लिंबाची फोड. मागे संध्याकाळचं आभाळ, वर गडद निळं आणि उतरत उतरत रस्त्याशी केशरी. आणि भाजीवर वाफ. त्या वाफेवर मी जीव ओतला. पांढरे नागमोडी आकार, खाली दाट, वर जाता जाता विरळ, आणि त्यातून मागचं आभाळ दिसणारं. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "मी जरा जेवून येतो." आताच तर डबा खाल्ला होता माणसाने. मी समजले, पैज जिंकली.

आमचे फ्लेक्स नांदेडहून छापून यायचे. डिझाइनची सीडी एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायची, नांदेडच्या स्टँडवर मशीनवाल्याचा माणूस ती उतरवून घ्यायचा, आणि छापलेला रोल तसाच कुठल्या तरी बसने माघारी यायचा. दसरा तोंडावर होता, म्हणून आम्ही मशीनवाल्याला सांगितलं, रोल हिंगोलीत उतरवू नका, थेट वाशीमच्या बसने कनेरगावला पाठवा. त्याचा फोन आला तो रोल गेल्यावर.

"मॅडम, एक नंबर आलंय. ताटावरचा पांढरा चौकोन तर लई उठून दिसायलाय."

"कोणता पांढरा चौकोन?"

"भाजीवरचा. आन् आभाळातले पट्टे बी मस्त आलेत."

"कोणते पट्टे?"

"असं काय करता? निळा पट्टा, मग जांभळा, मग आबोली. लुगड्याच्या काठावानी. तुमीच केलंय की."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. माझ्या वाफेचं त्या मशीनने पांढरं फडकं करून भाजीवर अंथरलं होतं, आणि आभाळाचं लुगडं करून मागे वाळत घातलं होतं. बस तोवर रोल उतरवून, कनेरगाव ओलांडून वाशीमच्या वाटेला लागली असणार. दसऱ्याच्या दिवशी न राहवून मी ढाब्यावर फोन केला. मुलाने उचलला.

"बोर्ड लागला का?"

"लागला."

"कसा आहे?"

"मोठा आहे," म्हणाला.

घरी बाबांना सांगितलं की बोर्ड बिघडलाय. ते म्हणाले, "लागला ना? मंग झालं." यांना कुणी काही समजवायला जाऊ नये, असं मी त्या दिवशी ठरवलं. मशीनचं मात्र मी सोडणार नव्हते. दसरा गेला तरी लग्नाची तारीख अजून धरायची होती. तोवर दुरुस्त बोर्ड तिथे लावला, तर पैज अजून जिवंत आहे, असा माझा हिशोब होता.

आधी आभाळ घेतलं. पडद्यावर पटपट दिसावं म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाच्या उताराला, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात उतरायला, मोजक्या पायऱ्या ठरवून दिलेल्या असत. वीतभर पडद्यावर त्या दिसत नाहीत. तेच आभाळ ढाब्याच्या कपाळावर ताणलं की एकेक पायरी हातभर रुंद होते, आणि लुगडं दिसायला लागतं. मी पायऱ्या वाढवल्या. तरी गडद निळ्यात पट्टे राहिलेच, कारण तिथे रंगच इतका हळू बदलत होता की मशीनकडे मधल्या छटा उरत नव्हत्या. मग मी आभाळावर बारीक दाणे पेरले, रवा भुरभुरावा तसे. जवळून बघितलं तर आभाळ खरखरीत, पण रस्त्यावरून बघणाऱ्याला सांधे दिसेनात. रस्त्यावरचा माणूस शिडी लावून बोर्डाला नाक टेकवत नाही, एवढं मला कळत होतं.

वाफेने मात्र रडवलं. आम्ही जे काढायचो ते खरं तर चित्र नसतंच, ती चित्राची कृती असते. इथून इथवर रेघ, तिच्यात हा रंग, त्यावर एवढी आरपार वाफ. ही कृती आपण नांदेडला पाठवायची आणि मशीनने ती रांधायची. त्या मशीनला रेघ कळत होती, रंग कळत होता, 'आरपार' हा मसालाच त्याच्या डब्यात नव्हता. मग ते काय करायचं, तर वाफेच्या भोवतीचा सगळा चौकोन पांढऱ्याने भरून मोकळं व्हायचं. आमच्याकडे काही सुना असा स्वयंपाक करतात, कळलं नाही तिथे भरपूर मीठ.

म्हणजे उपाय एकच, घरूनच रांधून पाठवायचं. मी वाफ, ताट आणि त्यांच्यामागचं तेवढं आभाळ एकत्र करून त्याचा सरळ फोटोसारखा तुकडा केला आणि आभाळावर ठेवला. नमुना छापून मागवला. हे नमुने छापायची नांदेडवाल्याची एक पद्धत होती. दुसऱ्या कुणाच्या बॅनरच्या कडेला जी पट्टी वाया जाते, तिच्यावर तो आमचा नमुना छापायचा आणि कातरून पाठवायचा. कातरायचा हात जरा सैल. त्यामुळे माझी शेवभाजी आली ती एका पुढाऱ्याच्या कानाला चिकटून. कान चांगला छापला होता. भाजीवरचं पांढरं फडकं गेलं होतं, पण तुकड्याभोवती फिकट निळी चौकट दिसत होती, शर्टाला दुसऱ्या निळ्याचं ठिगळ लावावं तशी. तुकड्यातलं आभाळ माझ्या कॉम्प्युटरने कालवलं होतं आणि बाहेरचं त्यांच्या मशीनने. दोघांचे निळे जुळत नव्हते. दोन जावांचं एका चुलीवर जुळतं का कधी?

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. अख्ख्या बोर्डाचाच एक फोटो करायला घेतला, तोही असा बारीक की केस मोजता यावेत. कॉम्प्युटरने तासभर पंख्याचा आवाज केला आणि मान टाकली. सर म्हणाले, "त्याच्या छातीवर बसू नको." मग शहाणी झाले. फोटो जाडाभरडा केला, लांबून बघायच्या बोर्डाला तेवढा पुरतो. आभाळ, ताट, वाफ, अक्षरांच्या सावल्या, जे जे विरघळतं ते सगळं या एका फोटोत, सुरुवातीपासून मशीनच्या शाईच्याच रंगात, म्हणजे दोन निळ्यांचं भांडण नको. नुसती अक्षरं वर वेगळी ठेवली, रेघेची, म्हणजे त्यांच्या कडा धारदार राहतील. पुढचा नमुना आला तो कुणाच्या तरी सत्काराच्या हारासकट. मी तो दुकानाच्या दारात उजेडात धरला. पट्टा नाही, चौकट नाही, फडकं नाही. तर्रीतून वाफ निघत होती आणि आभाळात जाऊन दिसेनाशी होत होती. मी तिथल्या तिथे ओरडले. समोरचा चपलेवाला धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला.

तारीख धरायचं बोलावणं दिवाळीनंतर आलं. अशा बोलण्याला मुलीने जायचं नसतं. मी म्हणाले, रोल मी कुणाच्या हातात देणार नाही, माझ्या देखत तो लागणार. आईने कपाळावर हात मारून घेतला. बाबा म्हणाले, "येऊ दे," कारण बस सुटत होती आणि त्यांना वाद नको होता. माणसाहून लांब रोल घेऊन आम्ही बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "ताई, ही तोफ कुठं न्यायली?" मी म्हटलं, "कनेरगाववर डागायचीय."

ढाबा लांबूनच दिसला. निळ्या-जांभळ्या काठांचं लुगडं आणि मधोमध पांढराफेक चौकोन. माझी मान खाली गेली. पण ढाब्यासमोर ट्रकच ट्रक उभे होते. आम्ही आत शिरतो तोच बाजेवर बसलेला एक ड्रायव्हर ओरडला, "वो बोर्ड वाला पनीर देना भाई!"

मला आधी काही कळेना. ढाबेवाल्यांनी पुढे येऊन बाबांना मिठी मारली आणि सगळं सांगितलं. दसऱ्याला बोर्ड लागला आणि संध्याकाळपासून वरच्या, उत्तरेकडच्या मुलखातले ड्रायव्हर पनीर मागायला लागले. लाल रस्सा, वर पांढरा चौकोन, याचा दुसरा काय अर्थ? यांनी पहिले काही दिवस "पनीर न्हाई" म्हणून सांगितलं, मग वाशीमहून आणायला लागले. आता शेवभाजीला कुणी विचारत नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, "तुले पनीर कसं सुचलं वं? मी तं शेवभाजी म्हणालो होतो."

"ते पनीर नाही," मी म्हणाले. "ती वाफ आहे. चुकून तशी छापली गेली."

"वाफ कधी चौकोनी असते का?"

मी बाजेवर माझा रोल उलगडला. सगळे वाकून बघायला लागले. मुलगा गल्ला सोडून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे भारी आहे." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य ते हेच, आणि त्या क्षणी मला तो आवडला होता, हेही सांगून टाकते.

ढाबेवाल्यांनीही बघितलं. "चांगला हाय," ते म्हणाले. "पण याच्यात पनीर कुठं हाय?" आणि गड्याला हाक मारली, "हे मागं ने रे. सोयाबीनच्या पोत्यायवर टाक. याच्यातून पाणी झिरपत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर ज्या वाफेपायी मी पुढाऱ्यांचे कान जमवले, ती सोयाबीनवर पसरली जात होती, आणि ज्या फडक्याची मला लाज वाटत होती त्याची आरती चालली होती. पण म्हटलं, गिळून टाक. पाणी तर सुटलं ना लोकांच्या तोंडाला? पैज जिंकलीस.

आम्हाला जेवायला वाढलं. अर्थात पनीर. बाबांनी जन्मात पहिल्यांदा ते खाल्लं असावं. चवीने खात होते. ढाबेवाले समोर बसले आणि म्हणाले, "मी शब्दाचा माणूस हाय. पोरगी काम करंन. मागची खोली रिकामी हाय, तिथं कंपूटर बसवून देतो. आपले बोर्ड करंन, पाव्हण्यारावळ्याचे करंन. दुपारची भट्टीवर हात लावंन. दुकानात जायची तकलीफच न्हाई."

"तुम्ही दुकानात जा म्हणाला होता," मी म्हणाले.

"एकच की ते."

"एक नाही."

मला त्यांना सांगायचं होतं की मला नुसता कॉम्प्युटर नको आहे. मला सकाळची बस पाहिजे, खिडकीची जागा, सरांशी भांडण, नांदेडच्या फोनवरची खेकसाखेकसी, बैलामागे सूर्य मागणारी माणसं पाहिजेत. पण बसचं सुख त्यांना कसं सांगणार, ज्यांच्या दारातच सगळ्या बसा थांबतात? मी एवढंच म्हणाले, "मला दुकानात जायचंय."

ढाबेवाले हसले आणि बाबांकडे बघून म्हणाले, "समजावा हिले."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते उठले.

आमच्या घरात भरल्या ताटावरून उठलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. भांडण झालं, कुणी मेल्याचा निरोप आला, तरी हातातलं संपवून मग माणूस उठायचा. बाबा तर ताट पुसून खाणारे. अर्धी भाकरी, अर्धी वाटी भाजी तशीच ठेवून ते हात धुवायला गेले, आणि ढाबेवाल्यांचा चेहरा उतरला. सोयरीक मोडली, हे त्यांना समजलं होतं. मुलगा गल्ल्यावर मान खाली घालून बसला होता.

"आमची पोरगी दुकानात जाती," बाबा हात पुसत म्हणाले. "तिनं तुमाला आमच्या वसरीवरच सांगितलं व्हतं. आमी समदे हसलो. मी बी हसलो. ते बराबर न्हाई केलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल माय."

बस मिळाली. बाबांच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते, आणि मी पुढच्या बाकावर. गाडी निघाली तसे बाबा त्यांना म्हणाले, "तो बोर्ड दिसला का? आमच्या पोरीनं केलाय."

"तो पनीरचा?"

"पनीर न्हाई ते. वाफ हाय."

"वाफ? अशी?"

"व्हय," बाबा म्हणाले. "तिचं काम लवकर ध्यानात येत न्हाई. मला तरी कुठं येत व्हतं?"

मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि रडतानासुद्धा त्या चौकोनाचा मला संताप येत होता. मागे वळून बाबांना सांगावंसं वाटत होतं की दाखवायचाच होता तर सोयाबीनवरचा दाखवायचा. पण ते अजून बोलतच होते. मी रोज किती वाजता उठते, कोणत्या बसने जाते, बसायला जागा मिळाली नाही तर हिंगोलीपर्यंत उभी कशी जाते, हे सगळं त्यांना माहीत होतं.